खुंटीवरची कुदळ

आमच्या परसातली कुदळ गेली सात वर्षे खुंटीवर आहे. तिचा बाभळीचा दांडा वडिलांच्या हातांनी इतका गुळगुळीत झालेला आहे की धरताच तळव्याला त्यांच्या पकडीची जागा सापडते. दर मे महिन्यात ते घरामागची दोन गुंठे जमीन वीत-दीड वीत खोल खणून काढत, ढेकळे उन्हात उताणी टाकत आणि म्हणत, की जमीन तापली पाहिजे, तापल्याशिवाय ती पिकत नाही. ते गेल्यावर पहिली दोन वर्षे मीही तेच केले, कारण वडिलांची जमीन वडिलांच्याच पद्धतीने कसावी यात विचार करण्यासारखे काही आहे असे मला वाटले नव्हते. खणलेल्या जमिनीवर मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडला, की आठवडाभरात वर पापुद्र्यासारखी कडक खपली धरे आणि कोथिंबिरीचे कोंब त्या खपलीखाली वाकडे होऊन मरत. मग मी खुरप्याने खपली फोडी, पुढच्या पावसात ती पुन्हा धरे, आणि हा खेळ गणपतीपर्यंत चाले.

साताऱ्याच्या कडेची ही जमीन काळी आणि भारी आहे. दोन-अडीच फुटांवर मुरूम लागतो. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या खनिजाचे बारीक कण असतात, जे पाणी प्याले की फुगतात आणि सुकले की आकसतात. म्हणूनच उन्हाळ्यात तिला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती त्या भेगांतून खाली घरंगळते, पावसात जमीन फुगून भेगा मिटतात आणि वरचे खाली, खालचे वर असे थोडे थोडे आपोआप होत राहते. जी जमीन स्वतःच स्वतःला नांगरते, तिला आपण वेगळे खणून नेमके काय देतो, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो कोणताही लेख वाचून नव्हे, तर पाठीचा मणका दुखावल्यामुळे. त्या मेमध्ये डॉक्टरांनी वाकायला मनाई केली आणि जमीन न खणता तशीच राहिली. लाज वाटू नये म्हणून मी ती शेतातून आणलेल्या उसाच्या पाचटाखाली झाकून टाकली.

त्या वर्षी खपली धरली नाही. एवढेच झाले, पीक काही दुप्पट आले नाही. उलट वांगी जरा किरकोळच आली. पण जून संपता संपता पाचट बाजूला सारले, तर खाली मोहरीएवढ्या, वाटाण्याएवढ्या गोळ्यांची माती होती, त्यात पांढऱ्या बुरशीचे कोळिष्टक पसरले होते आणि वास थेट पहिल्या पावसाचा होता. हा वास मातीतले ॲक्टिनोमायसीट गटातले जिवाणू तयार करतात, हे नंतर समजले. तेव्हा मात्र मी बराच वेळ नुसता वाकून बसलो आणि आईने आतून विचारले, की पाठ पुन्हा धरली का.

त्यानंतर मला एक नाद लागला. सायकलच्या जुन्या चाकाचा एक आरा घेऊन मी तो वाफ्यात अंगठ्याने दाबत असे आणि किती खोल जातो ते पाही. पहिल्या वर्षी वीतभर गेल्यावर तो अडके, कारण वर्षानुवर्षे कुदळ जिथपर्यंत पोहोचली त्याच्या खालीच एक दाबलेला, घट्ट थर तयार झाला होता. आज वाफसा असताना, म्हणजे जमीन ना चिखल ना कोरडी असताना, तोच आरा डोक्यापर्यंत सहज जातो. दुसरा प्रयोग काचेच्या पेल्याचा. आमच्या वाफ्यातले एक आणि शेजारच्या काकांच्या दरवर्षी खणलेल्या वाफ्यातले एक, अशी सुपारीएवढी दोन सुकी ढेकळे पाण्याने भरलेल्या दोन पेल्यांत गाळणीवर ठेवली. काकांचे ढेकूळ पाण्यात शिरताच बुडबुडे सोडू लागले, त्याच्या कडा ढासळल्या आणि चहा गाळून होईपर्यंत गाळणीखाली गढूळ चिखल साचला. आमचे ढेकूळ संध्याकाळपर्यंत तसेच बसून होते. पाणीही जवळजवळ नितळ होते. काकांनी पेला उचलून उजेडात धरला आणि म्हणाले, “तू यात फेविकॉल घातलास का रे?” चेष्टा बरोबर जागी लागली होती. मुळांभोवतीच्या बुरशीचे तंतू आणि जिवाणूंचे चिकट स्राव मातीचे कण खरोखरच एकमेकांना चिकटवून ठेवतात, आणि कुदळीचा प्रत्येक घाव तो डिंक तोडतो, शिवाय आत दडलेल्या सेंद्रिय पदार्थाला एकदम हवा दाखवतो. आपल्याकडच्या उष्णतेत मग त्यातला कर्ब, म्हणजे कार्बन, झपाट्याने जळून हवेत जातो. खणल्यावर पीक तरारते ते या जळण्यातून सुटलेल्या नत्रामुळे, म्हणजे नायट्रोजनमुळे. ते उत्पन्न नसून मुद्दल मोडून केलेला खर्च असतो.

न खणण्याचा निर्णय असा दुखण्यातून झाला, पण न खणलेल्या जमिनीला खायला काय घालायचे हे शिकायला मला जास्त चुका कराव्या लागल्या. पहिली चूक आईच्या सल्ल्याने झाली, म्हणजे दोष तिचा नाही. तिचे माहेर राजापूरकडचे, जांभ्या दगडावरचे. तिथे चुलीतली राख सुरणाच्या आळ्यात, माडाच्या मुळाशी आणि पालेभाजीच्या वाफ्यात जायची आणि पिके मानवायची. आमच्याकडे थंडीत अजूनही अंघोळीचा बंब पेटतो. ती राख मी दोन वर्षे इमानाने वाफ्यांवर पसरली, वर अंड्यांची टरफले कुटून घातली, कारण कॅल्शियम चांगले असे सगळेच सांगतात. दुसऱ्या पावसाळ्यात मिरचीची कोवळी पाने पिवळी पडली. शिरा हिरव्या, मधला भाग लिंबासारखा पिवळा. उसाच्या गावातल्या माणसाला हे चित्र ओळखता यायला हवे होते, कारण उसात याला केवडा पडला म्हणतात. माती तपासून घेतली तेव्हा सामू, म्हणजे पीएच, ८.१ निघाला आणि मुक्त चुना भरपूर.

कारण साधे होते. कोकणातली जांभी माती आम्लधर्मी असते, तिच्यावर पडणाऱ्या प्रचंड पावसाने चुना, पालाश (पोटॅश) सगळे धुऊन गेलेले असते. तिथे अल्कधर्मी राख म्हणजे औषध. आमची बेसाल्टपासून झालेली काळी माती मुळातच चुन्याने भरलेली, पालाशाने बहुधा संपन्न. तिला राख घालणे म्हणजे खारट आमटीत मीठ घालणे. सामू चढला की मातीत लोह असूनही विरघळत नाही आणि झाडाला ते घेता येत नाही, म्हणून पाने पिवळी पडतात. टरफले तर अशा मातीत विरघळतसुद्धा नाहीत. ती मला अजून कधीमधी जशीच्या तशी सापडतात. हाडांच्या चुऱ्याचेही तेच: त्यातले स्फुरद (फॉस्फरस) सुटायला आम्लता लागते, म्हणून कोकणात त्याचा उपयोग होतो आणि इथे तो वर्षानुवर्षे पडून राहतो. केवड्यावर उपाय म्हणून मी हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणले, पण तेही थेट मातीत टाकले तर चुना ते लगेच निकामी करतो. चांगल्या कुजलेल्या शेणखतात आठ-दहा दिवस मुरवून मग आळ्यात दिले तेव्हा नव्या पानांवर हिरवेपणा दिसू लागला. केळीच्या सालींचे पाणी, वापरलेल्या चहाचा चोथा, समुद्री शेवाळाचा अर्क असे बरेच काही लोक सुचवत असतात, आणि त्यातले काहीही वाईट नाही. फक्त कोणत्या मातीला, हा प्रश्न त्यात विचारलेला नसतो.

आता जीवामृताच्या पिंपाकडे येतो, कारण घरी येणारा प्रत्येक जण आधी त्याचाच वास घेतो आणि मग त्याच्याचविषयी विचारतो. नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांनी घरोघर पोहोचवलेली जीवामृताची कृती आता बहुतेकांना पाठ असते: एका एकरासाठी २०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचे शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो डाळीचे पीठ आणि बांधावरची मूठभर माती, सावलीत ठेवायचे, दिवसातून दोन-तीनदा ढवळायचे, ४८ तासांनी वापरायला सुरुवात करायची आणि आठवड्याच्या आत संपवायचे. मी त्याचा दहावा हिस्सा, २० लिटर, रामफळाच्या सावलीत करतो. शेण आणि गोमूत्र पलीकडच्या गल्लीतल्या गोठ्यातून येते. तिथल्या मावशी पैसे घेत नाहीत, पण वाफ्यातले पहिले घोसाळे त्यांच्याकडे गेले पाहिजे असा अलिखित करार आहे. गूळ काळा, पाघळलेला, आणि बेसन जाळी धरलेले असेल तर उत्तम. बायकोच्या मते माझ्या शेतीचा एकमेव सिद्ध झालेला फायदा हा, की घरात आता बेसनाला जाळी धरू दिली जात नाही.

पहिल्या दिवशी पिंपात नुसता शेणकाला असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी वर तपकिरी फेसाची साय येते, काठी फिरवली की ती फुटून बारीक बुडबुड्यांचा आवाज येतो, उकळू घातलेल्या दुधाच्या कडेला येतो तसा, आणि वास शेणाचा न राहता ताडीसारखा, किंचित आंबूस-गोडसर होतो. असे झाले म्हणजे जमले. एकदा मे महिन्यात चिलटे येतात म्हणून मी झाकण घट्ट लावून दोन दिवस परगावी गेलो. परत येऊन उघडले तर सडक्या अंड्याचा असा भपका आला की काकांनी त्यांच्याकडची खिडकी बंद केल्याचा आवाज मला ऐकू आला. हवा मिळाली नाही की वेगळ्याच जिवाणूंचे राज्य सुरू होते. ते पिंप मी झाडांना न घालता कोपऱ्यातल्या खताच्या ढिगावर ओतले, आणि तेव्हापासून तोंडावर गोणपाट बांधतो.

सुरुवातीच्या उत्साहात मी दर आठवड्याला जीवामृत घालत होतो आणि जमीन आता तृप्त झाली असे समजत होतो. मग एका रात्री, वीज गेलेली असताना, सहज हिशेब मांडला. १० किलो ओल्या शेणात नत्र अर्धा टक्का धरले तर ५० ग्रॅम. १० लिटर गोमूत्रात एक टक्का धरले तर १०० ग्रॅम. २ किलो बेसनात प्रथिने पाचव्या हिश्शाहून थोडी अधिक, आणि प्रथिनांत नत्र साधारण १६ टक्के, म्हणजे सुमारे ७० ग्रॅम. सगळे मिळून एकराला २२० ग्रॅम नत्र, अर्ध्या किलो युरियाइतके! सुरू हंगामातल्या उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस असते, म्हणजे एकरी १०० किलो. माझ्या २० लिटरच्या पिंपात जेमतेम २२ ग्रॅम. आणि निंबोळी पेंडीची एक मूठ, ५० ग्रॅम धरली, तर तिच्यात सुमारे अडीच ग्रॅम असते. आठ दिवस काठी फिरवून मी वाफ्यांना नऊ मुठी पेंडीएवढे जेवण वाढत होतो.

हे वाचून नैसर्गिक शेती करणारे म्हणतील, की जीवामृत हे खत नाहीच, ते विरजण आहे. आणि ते बरोबरच म्हणतील, कारण ही उपमा त्यांच्याकडूनच मी शिकलो. त्यात आहेत ते जिवाणू आणि त्यांना चार दिवस पुरेल एवढी शिदोरी. पण विरजणाचे एवढे कौतुक चालले असताना दूध कुठे आहे, हे विचारायचे राहून जाते. रिकाम्या पातेल्याला चमचाभर विरजण लावून सकाळी दह्याची वाट पाहावी, तसे उघड्या, टणक, उन्हात भाजलेल्या जमिनीवर जीवामृत ओतणारे मी पुष्कळ पाहिले आहेत आणि त्यांत मीही होतो. कोणी तूप आणि मध घालून अमृतपाणी करतात. त्याविषयी मी आईसमोर फक्त एकदाच बोललो. तुपाचा डबा त्या दिवसापासून वरच्या फळीवर आहे.

दूध म्हणजे वाफ्यावर पडणारा आणि वाफ्यातच राहणारा काडीकचरा. पाचटात नत्राच्या तुलनेत कर्ब शंभरपटीच्या आसपास असतो, कुंपणाच्या गिरिपुष्पाच्या पाल्यात पंधरापटीच्या आसपास. म्हणून मी खाली हिरवा पाला आणि वर पाचट असे टाकतो. सुरुवातीला वखारीतून भुसा आणून मातीत कालवला होता, तर कोबी तीन आठवडे जागचा हलला नाही, कारण एवढा कर्ब पचवायला जिवाणूंनी मातीतले सगळे नत्र स्वतःकडे ओढून घेतले. तोच भुसा नुसता वर पसरला असता तर ही ओढाताण मातीच्या वरच्या पापुद्र्यापुरती राहिली असती आणि मुळांना तिचा पत्ताही लागला नसता. न खणण्याचा हा फायदा माझ्या उशिरा लक्षात आला: वरून वाढायचे, कालवायचे नाही. कालवण्याचे काम करणारे खाली आहेत. त्यांच्याबद्दलही मी एक मूर्खपणा केला. गांडूळखतातली लाल गांडुळे अर्धा किलो विकत आणून वाफ्यात सोडली आणि महिन्याभरात एकही दिसेना. ती शेणाच्या-कचऱ्याच्या ढिगात राहणारी जात, खोल मातीत तिचा निभाव लागत नाही. आमच्या मातीतली काळपट, जाड गांडुळे मात्र कोणी न आणता आली, पाचट टाकल्यावर दुसऱ्या पावसाळ्यात, आणि आता सकाळी आच्छादनाखाली त्यांच्या विष्ठेच्या बारीक चकल्या दिसतात. डार्विनने म्हातारपणी गांडुळांचा अभ्यास करून १८८१मध्ये असा अंदाज मांडला होता, की इंग्लंडच्या अनेक भागांत एकरी दहा टनांहून जास्त माती दर वर्षी त्यांच्या पोटातून जाते. माझी कुदळ एवढे काम कधीच करू शकली नसती, मणका शाबूत असता तरी.

आणि सगळ्यांत मोठा ऐवज वरून येतच नाही, तो मुळांचा असतो. कोल्हापूरचे शेतकरी प्रताप चिपळूणकर वर्षानुवर्षे सांगत आले आहेत, की पिकाचे जमिनीखालचे अवशेष जागच्या जागी कुजू द्यावेत, तेच खरे खत. हे समजल्यापासून आमच्याकडे संपलेले झाड उपटणे बंद झाले; वांगे, भेंडी, मका, सगळे मातीलगत कोयत्याने कापतो आणि बुडखा तसाच सोडतो. गेल्या वर्षी भेंडीच्या जुन्या बुडख्याशेजारी गाजर लावले होते. ते काढताना पाहिले, तर गाजराचे एक बारीक मूळ भेंडीच्या कुजलेल्या, पोकळ झालेल्या मुळाच्या आतून, नळीतून दोरी ओवावी तसे, खाली गेले होते. झाड जिवंत असताना पानांनी केलेल्या साखरेचा काही हिस्सा मुळांतून मातीत सोडते, त्यावर त्याच्याभोवतीचे जिवाणू जगतात. म्हणजे गूळ घालायचाच तर झाडापेक्षा चांगला गूळ घालणारा दुसरा नाही, आणि म्हणून वाफा रिकामा राहू लागला की मी आता पिंप भरण्याआधी चवळी किंवा ताग पेरतो.

पिंप तरीही आहे. महिन्यातून एकदा, वाफसा असताना, संध्याकाळी, आच्छादनावरून ते शिंपडतो, म्हणजे पाचट लवकर मऊ पडते असे मला वाटते. पण बाजूला एक वाफा बिनजीवामृताचा ठेवला आहे आणि दोहोंतला फरक दरवर्षी मला अधिक शोधावा लागतो, हेही सांगितले पाहिजे. कच्च्या खायच्या मुळ्याच्या पाल्यावर, कोथिंबिरीवर, काकडीवर ते मी कधीच मारत नाही. ताजे शेण, त्यात गूळ आणि ऊब; यात चांगल्या जिवाणूंबरोबर पोट बिघडवणारेही पोसले जाऊ शकतात. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत मातीला टेकणारे पीक असेल तर कच्चे शेण घातल्यापासून काढणीपर्यंत १२० दिवस जावे लागतात. आपल्याकडे घरच्या वाफ्याला कोणी नियम लावत नाही, पण नातवंडे वाफ्यातूनच काकडी तोडून खातात, त्यामुळे आम्ही तो लावून घेतला आहे.

आच्छादनाचे दुखणे म्हणजे गोगलगायी. पावसाळ्यात त्या पाचटाखाली मुक्कामाला येतात आणि एका रात्रीत दोडक्याची रोपे साफ करतात. गुळाच्या पाण्यात भिजवलेले पोते रात्री वाफ्याकडेला टाकायचे आणि पहाटे उलटून त्याखाली जमलेल्या गोगलगायी मिठाच्या पाण्यात टाकायच्या, हा उपाय चालतो, पण सुखाचा नाही. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून एकदा हुमणी, ही मुळे खाणारी अळीही, आली होती. न खणलेल्या जमिनीत हे सगळे जास्त असते की मी आता जास्त पाहतो, ते ठरवता आलेले नाही. मातीचा अहवाल मात्र गेल्या हिवाळ्यात पुन्हा काढला. सेंद्रिय कर्ब ०.४८ टक्क्यांवरून ०.७१ टक्के झाला आहे, सामू आठवर आला आहे. काकांनी तो कागद वाचला, घडी करून परत दिला, आणि यंदा मेमध्ये त्यांनी खणले नाही. ‘पोरगा पुण्याहून आला नाही म्हणून’, असे ते म्हणतात.

बंबाची राख आता आई एका पत्र्याच्या डब्यात साठवते. शिमग्याला माहेरी जाताना ती तो डबा पिशवीत घालून एसटीत मांडीवर घेते, कारण तिथल्या सुरणाला राख लागते आणि भावाच्या घरी आता गॅस आला आहे. येताना त्याच डब्यात ती आमसुले भरून आणते. डबा कितीही घासला तरी वरच्या चार-दोन आमसुलांना राखेचा किंचित वास येतो, आणि ती आधी सोलकढीला न घेता आमटीला संपवावी लागतात.